चौथ्या तुकड्याची खुरपणी

आणे पठारावरच्या सरकारी माळावर तारेच्या जाळीने बंदिस्त केलेले पाच तुकडे होते, आणि त्यांच्या आत काहीही करायचे नाही एवढाच त्या प्रयोगाचा नियम होता. प्रश्न साधा होता. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आलेल्या जमिनीवरची चराई थांबवली, तर ती जमीन आपण होऊन काय उगवते? पेरायचे नाही, पाणी घालायचे नाही, उपटायचे नाही. दरवर्षी पाऊस ओसरला आणि गवत फुलोऱ्यावर आले की आत जायचे, कोणकोणत्या वनस्पती आल्या ते मोजायचे, ठरलेल्या चौकटीतले गवत कापून वजन करायचे आणि बाहेर येऊन दार लावायचे. सरकारी माळांचे पुढे काय करावे हे ठरवणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून पुण्यातल्या एका सरकारी संशोधन संस्थेने हे काम हाती घेतले होते. ठरवणारे असा आधार वाचतात की नाही, यावर संस्थेने कधी संशोधन केले नव्हते.

"काही न करता पगार मिळतो ती सरकारी नोकरी," तुकड्यांचा राखणदार सावळेराम म्हणायचा, "आन काही न करायला कुंपन घालत्यात ते संशोधन."

प्रयोगाची प्रमुख हर्षा हिने ही व्याख्या सावळेरामच्या नावासकट एका परिषदेत सांगितली होती. प्रयोगातून निघालेले तेवढे एकच वाक्य तिथल्या सगळ्यांच्या लक्षात राहिले.

हर्षा मंचरची. तिचे आजोबा रूपचंदशेठ यांचे बाजारपेठेत धान्याचे दुकान होते. घराणे राजस्थानातून आले त्याला इतका काळ लोटला होता, की मारवाडी आता फक्त आजीच्या रागावण्यात उरली होती. ही आजी, धापूबाई, जीवहत्या होऊ नये म्हणून चातुर्मासात हिरवळीवर पाऊल टाकत नसे. नातीने त्याच हिरवळीत गुडघे टेकून डॉक्टरेट मिळवली. श्रद्धेच्या गोष्टींत हर्षा कुणाशी वाद घालत नसे. तिला पुरावा लागे, आणि तो नसला की ती गप्प बसे. लोकांना ते उद्धटपणाचे वाटे.

पाचही तुकड्यांना संस्थेने आसपासच्या गावांतून एकेक निरीक्षक नेमला होता. वनस्पतिशास्त्राची पदवी आणि उन्हात बसायची तयारी, एवढीच अट होती. चौथा तुकडा आण्याच्याच साक्षी रोकडेकडे होता. दारावर लोखंडी पाटी होती: 'भूखंड क्रमांक ४. निरीक्षण: साक्षी सोपान रोकडे.' पाटी संस्थेच्या ठरलेल्या नमुन्याची, हिरव्यावर पांढरी, इतर चार पाट्यांसारखीच. पण रोकड्यांच्या घरातले नाव सरकारी जमिनीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असे, पहिल्यांदाच लागले होते. साक्षीचे वडील सोपान पहिल्या आठवड्यात रोज त्या वाटेने गेले. वाट त्यांच्या शेताकडे जाणारी नव्हती.

निरीक्षक म्हणून साक्षीचा एक गुण हर्षाला फार मोलाचा वाटे. रोप ओळखू आले नाही की बाकीचे अंदाजाने काहीतरी नाव देत. साक्षी 'माहीत नाही' असे कळवायची, आणि मग ते माहीत होईपर्यंत फोन करून हर्षाला हैराण करायची.

"ताई, तुम्ही म्हणता ते हे नाही."

"अगं, फोटो पाहूनच सांगितलं ना मी."

"फोटो मीच काढलाय. वाईट काढलाय. तुम्ही या."

आणि हर्षा जायची.

गेल्या वर्षीची मोजणी संपवून साक्षी घरी आली ती अंगात ताप घेऊनच. डेंगी. नारायणगाव, मग पुणे, आणि त्याच आठवड्यात परत आणे, रुग्णवाहिकेतून. डेंगीच्या रुग्णांत दगावणारे फार थोडे असतात. हर्षाला ते प्रमाण तोंडपाठ होते आणि अंत्यविधीच्या गर्दीत उभी असताना ते तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत राहिले. जो दगावतो त्याच्या घरी त्या प्रमाणाचे काय करायचे, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

नंतर ती भेटायला गेली, तेव्हा साक्षीची आई द्रौपदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, तिच्या नावाची पाटी ऱ्हाईल न्हवं?"

प्रयोगाचा निधी पुढच्या वर्षी संपणार होता. त्यानंतर कायमच्या निरीक्षणासाठी एकच तुकडा ठेवायचा, बाकी चारांची जाळी काढून माळ गुरांना मोकळा करायचा, असे ठरले होते. हर्षाने जे खरे होते तेच सांगितले. "पाचांतला एक तुकडा राहणार आहे, मावशी. कोणता ते पुढच्या मोजणीवर ठरेल. जो सगळ्यांत चांगला असेल तो."

द्रौपदाबाईंनी मान हलवली. उत्तर त्यांना पूर्ण समजले होते.

*

यंदा आश्विनात हर्षा अखेरच्या मोजणीला आली. पहिले तीन तुकडे अपेक्षेप्रमाणे होते, म्हणजे अस्ताव्यस्त. कुसळी, पवन्या, मध्येच बोरीचे झुडूप, दगडांच्या आडोशाने आलेली बारीक फुले. चौथा तुकडा दुरूनच वेगळा दिसला. कमरेएवढे गवत, एका उंचीचे, एका रंगाचे, वाऱ्यावर एकदम वाकणारे. माळावर इतके एकसारखे काही आपण होऊन उगवत नाही.

ती आत गेली. चौकट टाकून वाकली. मारवेल. दुसरीकडे टाकली. मारवेल. गेल्या वर्षी, साक्षीच्या मोजणीत, पाचांपैकी सर्वांत जास्त प्रकारच्या वनस्पती याच तुकड्यात होत्या. एका पावसाळ्यात त्या सगळ्या नाहीशा होऊन एकच गवत उरावे, याची कारणे हर्षा मनात मांडू लागली: रोग, कीड, वणवा, कुणी टाकलेले खत. मग तिने जमिनीला हात लावला. बोट सहज आत गेले. चार वर्षे हात न लागलेली माती इतकी भुसभुशीत नसते. जाळीच्या बाहेर, कोपऱ्यापाशी, वाळलेल्या रोपांचा ढीग होता. मुळांना अजून माती होती.

"सावळेराम, आत कोण आलं होतं?"

"कोन येनार? जाळी बघा की मॅडम. शेळीचं पिल्लू शिरलं न्हाई चार वर्सांत."

"शेळीचं नाही विचारत. माणूस?"

"मानूस..." सावळेरामने टोपी मागे सारली. "द्रौपदाबाई येत्यात. पर त्यांना काय बाहेरचं धरायचं व्हय? घरच्याच की त्या. दाराला पोरीचं नाव हाय."

"काय करायच्या आत?"

"खुरपायच्या!" सावळेरामचा चेहरा उजळला. "अख्खा पावसाळा, राव. सोताचं रान राहिलं तसंच, बाजरीत तण गुडघ्याला, आन बाई इथं. मारवेल तेवढा ठेवला, बाकी समदं मुळासकट भाईर. म्या म्हनलं, चवथा तुकडा आता कुनाला ऐकत न्हाई. दोन नंबरवाली रत्ना परवा येऊन बघून गेली. तोंड एवढुसं झालं पोरीचं."

"रत्नाचं तोंड का पडलं?"

"मंग? नंबर गेला न्हवं तिचा. एकच ठेवनार म्हनला व्हता तुमी."

हर्षा ढिगाजवळ बसून राहिली. सावळेरामला वाटले ती रोपे तपासते आहे. तो अदबीने बाजूला उभा राहिला.

*

रोकड्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर साक्षीचा फोटो होता. त्याच्या शेजारी एक जुने प्रमाणपत्र: बाजरीच्या पीक स्पर्धेत सोपान रोकडे यांचा तालुक्यात दुसरा क्रमांक. पठारावर, पावसाच्या भरवशावर, असा क्रमांक येणे ही बोलून दाखवण्याजोगी गोष्ट होती, आणि सोपान ती बोलून दाखवत.

"समिती येती मॅडम," ते चहाचा कप हर्षापुढे ठेवत म्हणाले, "चौकट टाकती, तेवढ्यातलं कापती, तोलती. तुमी करता तसंच. फकस्त तुमी कागदाच्या पिशवीत भरता, ते पोत्यात भरायचे. आता त्यांची चौकट कुठं पडंल ते आपल्या हातात न्हाई. म्हनून समदंच रान असं पायजे, की डोळं झाकून टाका, एक काडी तणाची न्हाई घावनार."

"ह्यांनीच शिकवलं मला," द्रौपदाबाई चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या. वर्षभरात त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. आवाज मात्र गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ जिवंत होता. "ताई, आज गेल्ता न्हवं माळावर? बघितला?"

"पाहिला."

"कसा हाय?"

"मारवेल चांगला उंच आहे."

यात काही खोटे नव्हते. द्रौपदाबाई हसल्या. "लोकं म्हनाय लागली व्हती, पोरीच्या माघारी तुकड्यात निस्तं रान माजलं. म्या जाऊन बघितलं, तर खरंच की. काटं, कुसळं, कसलं कसलं येल. ती असती तर अशी अवकळा येऊ दिली असती का? म्हनलं, आपल्याला तिच्यासारखं मोजता येत न्हाई. खुरपता तरी येतंय."

हर्षाने चहा संपवला. साक्षी असती तर तिने तुकड्यातल्या एका काडीलाही हात लावला नसता, हे तिला माहीत होते. आईला घरात असताना हे कधी सांगावे लागेल, असे साक्षीला वाटले नसणार. जी गोष्ट आपल्याला रोज दिसते, ती दुसऱ्यालाही दिसतच असेल असे आपण धरून चालतो. आणि हर्षाने स्वतःही 'सगळ्यांत चांगला' हे शब्द एका शेतकऱ्याच्या घरात, अर्थ न सांगता, ठेवून दिले होते.

"येते मावशी. उद्या परत येईन," ती म्हणाली.

"उद्या निकाल का?" सोपान म्हणाले.

*

संध्याकाळी आळेफाट्याच्या मुक्कामावरून हर्षाने विभागप्रमुख वैजयंतीबाईंना फोन केला. वैजयंतीबाई निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांच्याजवळ दुष्टपणा नव्हता, फक्त थकवा होता.

"खुरपणी?" त्या म्हणाल्या. "गवताळ भूखंडात? अरे देवा. बरं, वगळून टाक तो. चारांवर विश्लेषण होतं की."

"होतं. मी कायम ठेवायच्या भूखंडाबद्दल विचारतेय. चौथा ठेवता येईल का? आजपासून नव्याने सुरुवात धरून. पाच-दहा वर्षांत मूळ वनस्पती परत येतील."

"येतील?"

"येऊ शकतील."

"हर्षा, दुसरा भूखंड चार वर्षांच्या सलग नोंदींसकट तयार असताना, बिघडलेला ठेवायचा? कारण काय लिहिशील?"

हर्षाने वहीत 'कारण' असे लिहिले आणि पुढे रेघ ओढली.

"निवड फक्त आकड्यांवर होईल, हे वाक्य प्रस्तावात कुणी घातलं होतं? मी तर काढ म्हणत होते. तूच भांडलीस, नाहीतर आमदारांच्या गावाजवळचा तुकडा निवडतील म्हणून. तिची आई आहे ना ती? वाईट वाटतं गं. पण सांगावं तर लागणारच."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाई अंगणात मठाचे दाणे सुपाने पाखडत होत्या. सोपान दाराच्या पायरीवर बसले होते. हर्षा समोरच्या दगडावर बसली.

"मावशी, चौथा तुकडा राहणार नाही."

सूप थांबले नाही. "कुनाचा लागला? रत्नाचा?"

"हो. दुसरा."

"तिचं गवत तर गुडघ्याला न्हाई! आन आत काय काय माजलंय. म्या सोता बघून आले जाळीतून."

"तेच पाहायचं होतं, मावशी. काय काय येतं ते. कुणी हात लावला नाही तर जमीन स्वतःच्या मनानं काय उगवते, एवढंच मोजायचं होतं. गवत किती उंच, हे नव्हतं महत्त्वाचं."

"म्हंजे तण मोजायचं व्हतं?" सोपान म्हणाले.

"आम्ही त्याला तण नाही म्हणत."

"मंग काय म्हनता?"

"जाती."

सोपान एकदम हसले. हसण्यात आनंद नव्हता. "जाती मोजता व्हय? मॅडम, आमच्या दारात येऊन त्या लई जनांनी मोजल्यात. आन जेवढ्या जास्त जाती, तेवढा तुकडा चांगला?"

"हो."

"हे बाकी नवीन ऐकलं."

द्रौपदाबाईंचे सूप आता हातात नुसतेच धरलेले होते. "म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "म्या खुरपलं म्हनून गेला."

या प्रश्नाचे उत्तर हर्षाने घाट चढताना तयार करून ठेवले होते. "तसं नाही, मावशी. तुम्ही खुरपलं नसतंत, तरी तो राहिलाच असता असं नाही. बाकीचे तुकडे चांगले होते."

पुराव्याच्या विरुद्ध जाणारे विधान तिने जाणूनबुजून केले असे हे पहिलेच. ते तिच्या अपेक्षेपेक्षा सोपे गेले आणि क्षणभर तिला वाटले की भागले.

"का?" द्रौपदाबाईंनी सूप खाली ठेवले. "तिचं काम कच्चं व्हतं?"

"नाही, नाही. काम कच्चं नव्हतं."

"मंग बाकीचे चांगले कसे? ती तर म्हनायची, आई, माझ्या तुकड्यात समद्यांत जास्त हाय. काय जास्त, म्हनून इचारलं तर निस्ती हसायची. आता कळलं काय जास्त ते." त्या थेट हर्षाकडे पाहत होत्या. "मंग ती मला खोटं सांगायची का, ताई?"

उत्तरे दोनच होती. एका उत्तरात आई दोषी ठरत होती आणि दुसऱ्यात मुलगी खोटी. हर्षाच्या धंद्यात अशा वेळी तिसरे एक उत्तर असते, 'निश्चित सांगता येत नाही', आणि बहुतेक वेळा ते प्रामाणिक असते. इथे निश्चित सांगता येत होते. आकडे होते, आणि ते साक्षीनेच काढलेले होते.

"खोटं नव्हतं," हर्षा म्हणाली. "गेल्या वर्षी तिचाच तुकडा पहिला होता. बाकीचे जवळपासही नव्हते."

"मंग तोच ऱ्हायला असता."

"हो."

द्रौपदाबाईंनी एकदा मान डोलावली. मग मठाच्या दाण्यांतून हात फिरवत राहिल्या, खडा शोधावा तसा, पण खडे त्यांनी आधीच काढून टाकले होते.

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "पयलं खोटं बोलला, ते मला कळलं व्हतं. पर तिच्यावर नका बोलू खोटं. माझ्यावर बोला."

त्या उठून आत गेल्या. सोपानांनी सूप उचलून कडेला ठेवले.

"मॅडम," ते म्हणाले, "तिला एकटीला नका धरू ह्यात. ती म्हनली व्हती मला, सरकारी हाय, हात लावायचा का? म्याच म्हनलं, नंबर काढायचा म्हनल्यावर खुरपाय लागतंय. दुसरा नंबर काढलेला मानूस हाय मी." त्यांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिले नाही. "म्या म्हनलं, तुझ्या पोरीचा पयला आनू."

*

अहवालात चौथ्या तुकड्यासाठी एकच ओळ लागली: 'मानवी हस्तक्षेपामुळे विश्लेषणातून वगळला.' हर्षाने तिच्या जागी दुसरे काही लिहिता येईल का ते पाहिले. 'हस्तक्षेप' या शब्दात द्वेषही बसतो, बेफिकिरीही बसते आणि लाकूडचोरीही बसते. अहवालाच्या भाषेला त्यातला फरक कळण्याची गरज नसते. ओळ तशीच गेली. आभारांत साक्षीचे नाव आले, ते पाचही निरीक्षकांचे आले म्हणून.

जाळी काढायला माणसे आली त्या दिवशी हर्षा मुद्दाम हजर राहिली. आदल्या आठवड्यात तिने एक परवानगी मिळवली होती: राहणाऱ्या दुसऱ्या तुकड्यावर रत्नाच्या पाटीखाली साक्षीच्या नावाची पाटी लावता येणार होती. वैजयंतीबाईंनी त्यावर एक शब्दही न विचारता सही केली होती. रत्नाचीही ना नव्हती. ती हे ऐकून रडली होती.

द्रौपदाबाई माळावर आल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "नको."

"का, मावशी?"

"तिनं मोजला न्हाई तो. न मोजलेल्यावर तिचं नाव कशाला? तिला चाललं नसतं." मग थोड्या नरमाईने, "तुमी इचारलं, ते लई झालं."

ते बरोबर होते. साक्षीला खरेच चालले नसते.

खांब उपटले, जाळीच्या गुंडाळ्या झाल्या, पाटी टेम्पोत इतर तीन पाट्यांवर उपडी पडली. "पाटी घरी नेता का?" सावळेरामने विचारले. सोपान नको म्हणाले. दुपारपर्यंत गावची गुरे आली. मारवेल गोड असतो. त्यांनी आधी तोच गाठला. सावळेराम सवयीने हातातली काठी उगारून धावला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि कुणी पाहिले तर नाही ना, हे बघत परत आला. द्रौपदाबाईंनी पाहिले होते. त्या गुरांकडे पाठ करून उतरणीला लागल्या.

*

पुढच्या आषाढात, ऐन कामाच्या वेळी, हर्षाला सोपानांचा फोन आला. आधी पावसाचे झाले, मग मंचरच्या मंडळींची चौकशी झाली. मग ते घुटमळले.

"मॅडम, एक काम व्हतं. काम म्हंजे... तुमी एकदा साक्षीच्या आईला सांगा."

"काय सांगू?"

"शेतातलं तण काढायचं असतं म्हनून."

हर्षाला वाटले, आपण नीट ऐकले नाही.

"खुरपं घेऊन सकाळी बसती बाजरीत," सोपान म्हणाले, "आन काढतच न्हाई. एकेका रोपाला धरून बसती. मला हाका मारती, हे काढू का ठेवू? म्या म्हनलं, अगं, ह्याच्यात जन्म गेला तुझा, हे तण हाय. तर म्हनती, तवा बी मला तसंच वाटलं व्हतं. बायका हसत्यात बांधावरून. रोजानं खुरपाय बोलवनार न्हाई आता तिला कुनी. म्या समजावून दमलो. तुमचं ऐकंल."

"त्या आहेत का तिथं?"

"हायती. शेतातच हाय आमी."

फोन हातातून हातात गेला. वारा, पावशाचा आवाज, मग द्रौपदाबाई.

"जयभीम, ताई."

"जयभीम, मावशी. मावशी, शेत वेगळं आणि माळ वेगळा. शेतात आपण बाजरी लावलीय. बाजरीच हवी आहे. बाकी काढायचं."

"व्हय, ह्ये बी म्हनत्यात."

"मग?"

"हात उचलत न्हाई," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. दुखणे कुठे आहे ते डॉक्टरला दाखवावे तसे त्यांनी सांगितले.

हर्षाच्या टेबलावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळांचा आराखडा उघडा होता आणि त्यावर त्याच दिवशी अभिप्राय द्यायचा होता. तिने तो बाजूला सरकवला.

"तुमच्या हाताशी आत्ता काय आहे? कसं दिसतंय ते सांगा."

"पान लांबट. गुळगुळीत. खोड जिमिनीला लागंल तिथं मुळ्या फुटत्यात. फूल निळं, दोन पाकळ्यांचं."

"केना. काढा."

मातीत खुरपे गेल्याचा आवाज आला. फोन बहुधा बांधावर ठेवला होता.

"आन हे, लाल देठ हाय. तोडलं की चीक निघतोय."

"दुधी. काढा."

पुन्हा खुरपे. तिसरे, चौथे. एकदा हर्षाला वर्णनावरून सांगता आले नाही. ती म्हणाली, "माहीत नाही, मावशी." पलीकडे खुरपे थांबले.

"मंग?"

"सोपानकाकांना फोटो पाठवायला सांगा. मी शोधून कळवते. तोवर ठेवा."

"ठेवते," द्रौपदाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज किंचित मोकळा झाल्यासारखा वाटला. तसे वाटण्याला अर्थातच काही आधार नव्हता. "पुढचं सांगू?"

"सांगा."

"हे बारीक हाय. पार जिमिनीला धरून. पानावर लव हाय, फूल निळंच, पर लई बारीक. ऊन झालं की मिटतंय. हे म्या काढलेल्यात व्हतं का, ताई?"

माळावरच्या त्या तुकड्यात साक्षीला ते पहिल्याच वर्षी सापडले होते.

"हो," हर्षा म्हणाली. "होतं."

खुरप्याचा आवाज आला नाही. लांबून कुणीतरी बैलांना हाकत होते. हर्षा वाट पाहत राहिली. बाजरीतून ते काढावे की ठेवावे याबद्दल कृषिशास्त्राचे मत स्पष्ट होते, पण द्रौपदाबाईंनी ते विचारले नव्हते, आणि तिनेही सांगितले नाही.